नव्या संगणकाचा पहिला तास

पवनीसारख्या तालुक्याच्या गावीही आता संगणकावाचून सार्वजनिक कामकाजाचे पान हलत नाही. आधारभूत किमतीने धान विकावयाचे तर शेतकऱ्याला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज ही सारी कामे कोणत्या ना कोणत्या संगणकातून पुढे सरकतात. अड्याळ, आसगाव वा कोंढा येथून रोजी बुडवून आलेल्या माणसाला ‘आज संगणक बंद आहे’ असे ऐकून परत जावे लागले, तर त्याच्या दृष्टीने ती केवळ तांत्रिक अडचण नसते. दिवसाची मजुरी आणि प्रवासाचे भाडे त्याने गमावलेले असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. तेव्हा संगणक निर्धोक ठेवणे हा त्या सेवेचाच एक भाग मानला पाहिजे.

संगणक मंदावला, वारंवार अडू लागला किंवा त्याला विषाणूची बाधा झाली की तो दुरुस्तीला जातो. तंत्रज्ञ त्यातील सर्व मजकूर पुसून ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा बसवितो. यंत्राचे सर्व अवयव आणि त्यावरील इतर सर्व आज्ञावल्या यांना चालविणारी मूळ आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. ती नव्याने बसविण्याला बोलण्यात ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. यंत्र स्वच्छ होऊन परत येते आणि बहुधा त्याच दिवशी कामाला लागते. वस्तुतः याच वेळी ते सर्वांत दुबळे असते. परंतु ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बसवीत असतानाच तिच्या दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, का व कशा बसवाव्यात, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नवे दिसते ते नवे नसते

ऑपरेटिंग सिस्टिम ज्या तबकडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून बसविली जाते, त्यावरील प्रत एका विशिष्ट दिवशी तयार झालेली असते. ती प्रत तीन वर्षांपूर्वीची असेल, तर आज बसविलेला संगणकही आतून तीन वर्षांपूर्वीचाच असतो. मधल्या काळात निर्मात्याने शोधून बुजविलेली सर्व भगदाडे त्यात पुन्हा उघडी होतात. त्याआधीचा मंद झालेला संगणक कदाचित नियमित अपडेट घेत आला असेल. तसे असल्यास, ‘फॉरमॅट’ केल्यामुळे तो वेगवान झाला तरी सुरक्षिततेच्या बाबतीत मागे गेला, असे म्हणावे लागेल.

या दोषांचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. एखादा दोष सापडला की त्याला क्रमांक दिला जातो, त्याची दुरुस्ती प्रसिद्ध होते आणि त्याविषयीची माहिती जगभर उपलब्ध होते. प्रामाणिक तंत्रज्ञाला त्या माहितीचा उपयोग होतो, तसाच तो घुसखोरालाही होतो. दुरुस्तीपूर्वीची आणि दुरुस्तीनंतरची आज्ञावली शेजारी ठेवून तुलना केली की दोष नेमका कोठे होता हे त्याला कळते. म्हणून जुन्या प्रतीतील दोष हे गुप्त दोष नसतात. त्यांची यादी छापून वाटल्यासारखीच असते.

पवनीच्या जुन्या तटबंदीचे उदाहरण येथे घेता येईल. या प्राचीन नगराला तीन बाजूंनी मातीचा तट व त्याबाहेर खंदक होता आणि चौथ्या बाजूला वैनगंगेचे पात्र होते. तीन बाजू कितीही भक्कम असल्या, तरी चौथी बाजू मोकळी राहिली असती तर त्या तटाचा उपयोग नव्हता. संगणकाचेही तसेच आहे. एक ज्ञात भगदाड उघडे राहिले, तर बाकीचा बंदोबस्त निरुपयोगी ठरू शकतो.

वीस मिनिटांचा धडा

स्थापनेनंतरचा पहिला तास किती नाजूक असतो, हे २००३ साली जगाने अनुभवले. विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी प्रसिद्ध केली होती. त्याच दोषाचा फायदा घेणारी ‘ब्लास्टर’ ही कीड ११ ऑगस्ट रोजी पसरू लागली. बाधित संगणकावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि तो आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होई. जुन्या तबकडीवरून नव्याने बसविलेला संगणक दुरुस्ती उतरवून घेण्यासाठी इंटरनेटला जोडावा, तर ती उतरण्याच्या आतच त्याला बाधा होई. औषध आणावयास निघालेल्या माणसाला वाटेतच रोगाने गाठावे, असा तो प्रकार होता.

अमेरिकेतील सॅन्स संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरने २००४ साली याचे मोजमाप केले. कोणतीही दुरुस्ती नसलेला विंडोज संगणक इंटरनेटला थेट जोडल्यास त्याच्यावर हल्ला होईपर्यंत सरासरी सुमारे वीस मिनिटे लागतात, असे त्यातून दिसून आले. सर्व दुरुस्त्या उतरविण्यास त्या काळच्या मंद जोडणीवर यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागत असे.

आज परिस्थिती बरीच सुधारली आहे. ऑगस्ट २००४ मधील विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून संगणकाची स्वतःची संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, आपोआप चालू राहू लागली. बहुतेक संगणक आता राउटरच्या आड असतात. परंतु त्यामुळे निश्चिंत राहता येणार नाही. त्याच कार्यालयातील दुसरा बाधित संगणक राउटरच्या आतच असतो. पेन ड्राइव्ह हातोहात फिरतात. टपालातून आलेली जोडपत्रे उघडली जातात. यांपैकी एखाद्या मार्गाने कीड आत आली, तर दुरुस्ती नसलेला नवा संगणक तिच्या तावडीत प्रथम सापडतो.

तरियोड ते न्हावाशेवा

ही संकटे मोठ्या शहरांपुरती मर्यादित राहत नाहीत, हे मे २०१७ मध्ये दिसून आले. संगणकावरील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारी ‘वॉनाक्राय’ ही कीड १२ मे रोजी जगभर पसरली. किमान दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना तिची बाधा झाली. ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांचे कामकाज तिने विस्कळीत केले. सोमवार, १५ मे रोजी कार्यालये उघडली, तेव्हा केरळमधील वायनाड जिल्ह्याच्या तरियोड ग्रामपंचायतीतील संगणकांच्या पडद्यांवरही तीनशे डॉलरची मागणी झळकत होती. या किडीने ज्या दोषाचा उपयोग केला, त्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीच, उपलब्ध झालेली होती. ती ज्या संगणकांवर बसविली गेली होती, त्यांच्यात त्या दोषाच्या वाटेने शिरकाव करणे या किडीला शक्य नव्हते.

त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ नावाची त्याहून घातक आज्ञावली पसरली. तिने तोच दोष आणि संगणकांतून चोरलेले परवलीचे शब्द या दोहोंचा उपयोग केला. तिचा फटका महाराष्ट्रालाही बसला. रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक ठप्प झाले आणि मालाच्या हाताळणीवर परिणाम झाला. मर्स्कचे अध्यक्ष जिम हॅगमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितल्याप्रमाणे, त्या समूहाला अवघ्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० आज्ञावल्या नव्याने बसवाव्या लागल्या.

या आकड्यांमागचा प्रश्न तालुक्यातील एका संगणकालाही लागू पडतो. बाधा झाली म्हणून यंत्र पुसून पुन्हा बसविले. पण ते जुन्या प्रतीवरून आणि दुरुस्त्यांविना बसविले, तर ज्या वाटेने कीड आली ती वाट पुन्हा उघडी राहते. पुनर्स्थापना हा उपचार झाला. दुरुस्त्या बसविल्या तरच त्याला पथ्याची जोड मिळते.

दुरुस्ती मिसळण्याचे तीन मार्ग

अपडेट बसविण्याचे तीन मार्ग आहेत आणि परिस्थितीनुसार त्यांतून निवड करावी लागते.

पहिला मार्ग स्थापना चालू असताना इंटरनेटवरून अपडेट घेण्याचा. विंडोज ११ बसविताना देश व कळफलक निवडून झाला की संगणक इंटरनेटशी जोडण्यास सांगतो आणि आवश्यक अपडेट शोधतो. चालू असलेल्या विंडोजवर नवी आवृत्ती चढवावयाची असेल, तर स्थापनेच्या आरंभीच ‘अपडेट व ड्रायव्हर आता मिळवावेत की नंतर’ असा पर्याय मिळतो. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या स्थापनेतही ‘स्थापना होत असतानाच अपडेट उतरवावेत का’ असा प्रश्न अनेक वर्षे विचारला जात आला आहे. डेबियनची लहान प्रत वापरल्यास बहुतेक आज्ञावल्या थेट संग्रहातूनच येतात, त्यामुळे त्या ताज्या असतात. ‘वेळ लागतो’ किंवा ‘डेटा संपतो’ म्हणून हा पर्याय नाकारण्याकडे कल असतो. तथापि आज वाचलेला अर्धा तास पुढे फार महागात पडू शकतो.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ प्रतच ताजी करून घेण्याचा. निर्माते आपल्या प्रती वेळोवेळी अद्ययावत करीत असतात. उबुंटूच्या आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. ‘२४.०४’ म्हणजे एप्रिल २०२४. त्यापुढील तिसरा आकडा नंतरच्या दुरुस्त्या मिसळलेली प्रत दर्शवितो. विंडोजच्या प्रतीतही मायक्रोसॉफ्टच्या डी.आय.एस.एम. या साधनाने अपडेट आधीच मिसळता येतात. शाळेच्या प्रयोगशाळेत वीस संगणक बसवावयाचे असतील, तर प्रत्येकासाठी तेच अपडेट वीस वेळा उतरविण्यापेक्षा एकदा ताजी प्रत तयार करणे केव्हाही हिताचे. इंटरनेट क्षीण असलेल्या गावांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे.

तिसरा मार्ग स्थापना संपताच, अन्य कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी, अपडेट घेण्याचा. पहिले दोन मार्ग अनुसरले तरी ही पायरी टाळू नये; कारण स्थापनेच्या वेळी सर्वच दुरुस्त्या येतात असे नाही. संगणक पुन्हा चालू करून ‘अद्ययावत आहे’ असा निर्वाळा मिळेपर्यंत तपासणी पुनःपुन्हा करावी. तोपर्यंत त्यावर टपाल उघडू नये, पेन ड्राइव्ह लावू नये आणि कोणत्याही नागरिकाची माहिती भरू नये.

शेकडो दुरुस्त्या एकामागून एक बसवाव्या लागतील, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. विंडोजचे मासिक अपडेट संचयी असतात. शेवटच्या अपडेटमध्ये आधीच्या दुरुस्त्याही समाविष्ट असतात. ते दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात. अमेरिकेतील सकाळ म्हणजे आपल्याकडील रात्र. म्हणून आपल्या कार्यालयांच्या दृष्टीने तो बुधवारचा दिवस ठरतो.

पवनीच्या विणकरांना ही रीत नवी वाटू नये. मागावर धागा तुटला तर विणकाम पुढे सरकण्यापूर्वीच तो जोडला जातो. वस्त्र मागावरून उतरल्यावर घातलेला टाका कितीही सफाईदार असला, तरी तो टाकाच राहतो.

तालुक्याच्या ठिकाणच्या अडचणी

ग्रामीण भागात काही अडचणी हमखास येतात. पहिली अडचण विजेची. अपडेट बसत असताना वीज गेली तर ऑपरेटिंग सिस्टिम अर्धवट राहू शकते. आजच्या प्रणाली बहुधा मागे फिरून पूर्वस्थितीला येतात. तरीही हे काम यूपीएस असल्याखेरीज किंवा लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरल्याखेरीज सुरू करू नये.

दुसरी अडचण सहसा लक्षात येत नाही, ती घड्याळाची. संगणकाच्या मुख्य पट्टीवर नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे विशिष्ट मुदतीतच ग्राह्य असतात. तारीख चुकली की संगणक ती अमान्य करतो आणि अपडेट मिळणे थांबते. इंटरनेट चालू दिसते, पण अपडेट येत नाही, अशा वेळी प्रथम तारीख पाहावी. अल्प किमतीचा सेल बदलल्याने पुष्कळदा काम भागते.

तिसरी अडचण जोडणीची. नव्या प्रणालीला वायफायचे यंत्र ओळखता आले नाही, तर अपडेट घेण्याचा मार्गच बंद होतो. अशा वेळी राउटरपासून थेट तार जोडावी किंवा मोबाइल फोन तारेने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे. मात्र ती जोडणी मर्यादित डेटाची म्हणून नोंदविली असेल, तर विंडोज काही अपडेट रोखून धरते, हे लक्षात ठेवावे. एकाच जागी अनेक संगणक असल्यास, एकाने उतरविलेले अपडेट इतरांना देण्याची सोय विंडोजमध्ये आहे. ती चालू ठेवल्यास डेटाची बचत होते.

उगमाची खात्री

दुरुस्ती आवश्यक आहे, तशीच ती खऱ्या उगमापासून आलेली असणेही आवश्यक आहे. नॉटपेट्याचा प्रथम शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अपडेटमधूनच झाला होता. अधिकृत अपडेटवर निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी असते आणि संगणक ती स्वतः तपासतो. स्थापनेची प्रतही निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी. अनेक निर्माते प्रतीसोबत चौसष्ट अक्षरांचा अंकीय ठसा प्रसिद्ध करतात. उतरविलेल्या प्रतीचा ठसा त्याच्याशी जुळला नाही, तर ती प्रत वापरू नये. बाजारात मिळणाऱ्या अनधिकृत प्रतींत अपडेटची सोयच बंद केलेली असू शकते. स्वस्तात मिळालेली ती प्रत पुढे नागरिकांच्या माहितीवर बेतण्याचा संभव असतो.

अपडेट म्हटले की ते निर्दोषच असते, असेही नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. यावरून अपडेट टाळावेत असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. जेथे अनेक संगणक आहेत, तेथे आधी एका संगणकावर अपडेट बसवून, काम व्यवस्थित चालते असे पाहून मग इतरांवर ते बसवावे. तसेच पुनर्स्थापनेपूर्वी महत्त्वाच्या माहितीची प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवावी.

आधार संपलेली यंत्रे

काही ऑपरेटिंग सिस्टिमना निर्मात्याकडून नियमित दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज १० साठी ठरावीक मुदतीची विस्तारित योजना असली, तरी तो तात्पुरता आसरा आहे. अशा प्रणाली आज नव्याने बसविणे म्हणजे दुरुस्त्यांचा मार्गच बंद करून घेण्यासारखे होय.

यंत्र पात्र असल्यास विंडोज ११ बसवावी. नसल्यास लिनक्सचा विचार करता येईल. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनच्या आधारे विकसित केलेली, २००७ साली प्रकाशित झालेली ‘बॉस’ ही प्रणाली भारतीय भाषांची सोय पुरविते. मात्र बोटांचे ठसे घेणारे यंत्र, अंकीय स्वाक्षरीचे टोकन आणि छपाई यंत्र त्यावर चालतात किंवा नाही, याची खात्री आधी करून घेणे आवश्यक आहे.

नोंदवहीतील चार ओळी

शासकीय जीपची नोंदवही असते. ती केव्हा निघाली, किती चालली, तिचे तेल केव्हा बदलले, हे त्यात लिहिलेले असते. संगणकासाठीही अशी एक वही ठेवता येईल. स्थापनेची प्रत कोणत्या महिन्याची होती, ती कोठून घेतली, शेवटचे अपडेट कोणत्या तारखेचे आहे आणि संगणक कामाला केव्हा लागला, या चार ओळी त्यात असाव्यात. यंत्र दुरुस्तीहून परत घेताना तंत्रज्ञाकडून या चारही गोष्टी विचारून घ्याव्यात आणि अपडेटचा रकाना रिकामा असेल तर संगणक त्या दिवशी कामाला लावू नये. भारत सरकारने २००४ पासून कार्यरत केलेली सर्ट-इन ही संस्था नव्या दोषांविषयी सूचना प्रसिद्ध करते. त्या पाहण्याची जबाबदारीही एका कर्मचाऱ्याकडे सोपविता येईल.

या व्यवस्थेला वेगळ्या खर्चाची गरज नाही. ग्रामपंचायत, शाळा, सेवा सहकारी संस्था आणि सेवा केंद्र यांना ती आपल्या पातळीवर सुरू करता येईल. धानाच्या नोंदणीचा हंगाम किंवा शाळांच्या प्रवेशाचे दिवस सुरू होण्यापूर्वी संगणकांची अशी तपासणी झाली, तर ऐन गर्दीच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला किंवा पालकाला रिकाम्या हाताने परतावे लागण्याचे प्रसंग निश्चितच कमी होतील.